अर्जंट असं काही नाही

एरिक टॅटरसॉलच्या पायावर कुणी पाय दिला, तर 'सॉरी' एरिकच म्हणायचा. आमच्या थॉर्नक्लफ गावात सॉरी म्हणायला कुणालाच काही लागत नाही, पण एरिकचं सॉरी पोटातून यायचं. आपला पाय नको तिथे होता याचं त्याला खरोखर वाईट वाटायचं.

जन्मभर त्याने बस चालवली. स्टेशनपासून टेकडीवरच्या गिरण्यांपर्यंत, आणि गिरण्या बंद पडल्यावर त्याच टेकडीवरच्या सुपरमार्केटपर्यंत. रांग हा त्याचा धर्म. जो ज्या क्रमाने आला त्याने त्या क्रमाने चढायचं, मग तो पाद्री असो की पोलीस. तरुणपणी एकदा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी एक मुलगी पिठाची पिशवी छातीशी धरून रांगेच्या मधेच घुसली. एरिकने इंजिन बंद केलं आणि तिला शेवटी जाऊन उभं राहायला सांगितलं. ती गेली, पण जाता जाता सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ड्रायव्हर, तुमची घरी कुणी वाट बघत नाही वाटतं." तिची पाळी यायच्या आत बस भरली आणि ती मुलगी पिठासकट पावसात राहिली. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. ही मेव्हिस. तेव्हापासून ती त्याला रागाने ड्रायव्हर म्हणायची आणि लाडानेही ड्रायव्हरच म्हणायची. कुठलं कुठलं ते आवाजावरून कळायचं.

संसारात कामाची वाटणी आपोआप झाली. रांगेत उभं राहायचं एरिकने आणि खिडकीशी पोचल्यावर बोलायचं मेव्हिसने. वीज कंपनी असो, नगरपालिका असो, शिळं मांस बांधून देणारा खाटीक असो, मेव्हिसने कमरेवर हात ठेवला की समोरचा माणूस मुकाट्याने कामाला लागायचा. एरिक तिच्या मागे उभा राहून त्या माणसाची नुसत्या नजरेने माफी मागायचा. असं चाळीस-पंचेचाळीस वर्षं छान चाललं.

मग मेव्हिसला पार्किन्सन झाला. हातांची थरथर फारशी नव्हती. तिचं अंग आखडायचं, पावलं जमिनीला चिकटून बसायची, आणि आवाज हळूहळू बसत गेला. जिच्या बोलण्याने खाटीक हलायचा, तिचं बोलणं टेबलापलीकडे पोचेनासं झालं. चेहराही गोठत गेला. पण गोळ्या होत्या. वेळच्या वेळी गोळी पोटात गेली की थोड्या वेळाने मेव्हिस उठायची, चहा टाकायची, कोपऱ्यावरच्या माझ्या दुकानातून पेपर आणायची, शुक्रवारी मासे तळायची. गोळी चुकली की सगळं जागच्या जागी थांबायचं. हिचे पाय त्या डबीत आहेत, असं एरिक म्हणायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

आता दर महिन्याच्या औषधांची इथली रीत अशी. औषधांच्या पाकिटाबरोबर एक कागद येतो, त्यावर तुमच्या औषधांची नावं असतात आणि प्रत्येकापुढे एक चौकट. हवं त्या चौकटीत खूण करायची, कागद दवाखान्याच्या दारातल्या पेटीत टाकायचा, कामाचे तीन दिवस थांबायचं, तोवर दवाखाना केमिस्टकडे चिठ्ठी पाठवतो, मग तिथून पाकीट उचलायचं; चिठ्ठीशिवाय गोळ्या पैसे मोजूनही मिळत नाहीत. डॉक्टरचं तोंडही बघावं लागत नाही. तरुण मंडळी हे सगळं मोबाइलवर करतात, एरिकचा भरवसा पेटीवर. त्या पेटीच्या वर एक पोस्टर आहे. 'लागेल तेवढंच मागा. वाया गेलेलं औषध कुणाच्याच उपयोगाचं नाही.' बाकीचे लोक छत्री झटकताना त्या पोस्टरकडे बघतात आणि विसरतात. एरिकने ते मनावर घेतलं.

झालं असं, की आदल्या उन्हाळ्यात मेव्हिस मागच्या पायरीवरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलने घरी सोडताना पिशवीभर गोळ्या दिल्या. मधे काही आठवडे ती चालायला शिकवतात त्या केंद्रात होती, त्यांनीही निघताना पिशवी हातात ठेवली. घरातल्या होत्याच. कपाटात पार्किन्सनच्या गोळ्यांचा ढीग झाला. एरिकने ठरवलं, हा ढीग संपेपर्यंत नव्या मागायच्या नाहीत. उगाच कुणाच्या तोंडचं औषध आपण घरात का साठवावं? दर महिन्याला तो बाकीच्या चौकटींत ठळक खुणा करायचा आणि ती एक चौकट कोरी सोडायचा. पानं गळली, ख्रिसमस झाला, बर्फ पडून वितळलं, चौकट कोरीच. मेव्हिसला तो कौतुकाने दाखवायचा. "राजा पदक देईल तुला," ती त्या बसक्या आवाजात म्हणायची.

दवाखान्याच्या कॉम्प्युटरला काटकसर कळत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एखादं औषध बरेच महिने कुणी मागितलं नाही की ते बंद झालं असं धरून त्याचं नाव यादीतून निघतं. मार्चच्या शेवटी कपाटातला ढीग तळाला गेला आणि एरिकने कागद हातात घेतला, तर त्यावर ती चौकटच नव्हती. त्याला वाटलं छापताना राहिली असेल. त्याने खालच्या रिकाम्या जागेत औषधाचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं, पुढे पट्टीने चौकट काढली, तिच्यात खूण केली आणि शेजारी 'प्लीज' आणि 'थँक यू' असं दोन्ही लिहिलं. कागद पेटीत टाकून तो निर्धास्त घरी आला.

कामाचे तीन दिवस गेल्यावर तो केमिस्टकडे गेला. काउंटरवर नाझिया होती. तिचे आजोबा एरिकच्या बसने गिरणीत कामाला जायचे, त्यामुळे ती त्याच्याशी जरा जास्तच आपुलकीने बोलते. पाकिटात रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, हाडांच्या होत्या, अंगाला लावायचं मलम होतं. पार्किन्सनच्या नव्हत्या.

"दवाखान्याने पाठवल्याच नाहीत, मिस्टर टॅटरसॉल," नाझिया म्हणाली. "घरात किती उरल्यात? अडचण असेल तर थोड्या दिवसांपुरत्या मी देऊ शकते. तेवढी परवानगी आहे मला."

एरिकच्या मागे माणसं उभी होती. एक बाई घड्याळ बघत होती. "नको, नको," एरिक घाईने म्हणाला, "आहेत थोड्या. तुला कशाला त्रास?" थोड्या होत्या हे खरंच होतं. नाझियाने पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा तो पाकीट काखेत मारून बाजूला झालेलाही होता.

तिथून तो दवाखान्यात गेला. काचेपलीकडे रिसेप्शनला शेरिल असते. इथे अनोळखी माणसालाही लोक 'लव्ह' म्हणतात, शेरिल तर पोस्टमनलाही म्हणते. तिने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि ते औषध बंद झाल्याचं सांगितलं. एरिक म्हणाला, बंद नाही झालं, मी मागितलं नाही. शेरिल म्हणाली, मग तेच की. यात तिचा कावा काही नव्हता. तिच्या पडद्यावर दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. नाव पुन्हा यादीत घालायचं तर डॉक्टरीणबाईंना विचारावं लागेल आणि त्या आता सोमवारी येतील, असं ती म्हणाली. मग तिने पेन उचललं आणि विचारलं, "अर्जंट आहे का, लव्ह?"

आता हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. 'हो' म्हटलं असतं, तर कागद त्याच दिवशी हजर असलेल्या डॉक्टरसमोर गेला असता. पण एरिकच्या हिशेबात अर्जंट म्हणजे रक्त. अर्जंट म्हणजे छातीत कळ, अर्जंट म्हणजे तापाने फणफणलेलं पोर. तसं एक पोर त्याच्या मागे आईच्या खांद्यावर रडतही होतं. त्याच्यापुढे आपलं घोडं दामटायचं, हे त्याला रांगेत घुसण्यासारखंच वाटलं.

"अर्जंट असं काही नाही," एरिक म्हणाला. "सवडीने होऊ द्या."

घरी मेव्हिसने विचारलं, मिळाल्या का. येतायत, तो म्हणाला. तिने त्याच्याकडे नीट बघितलं. खिडकीपाशी उभं राहून हात हलवत परत येणारा एरिक तिला ओळखता यायचा, म्हणून तर इतकी वर्षं खिडकीशी तीच बोलायची. "मी येऊ का तिथे?" ती म्हणाली. एरिक हसला. तिचा आवाज जेमतेम त्याच्यापर्यंत पोचत होता, काचेपलीकडे कसा पोचणार? पण मला अजून वाटतं, तिला न्यायला हवं होतं. नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहिली असती तरी पुरलं असतं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि शेरा मारला की पेशंटशी बोलल्याशिवाय औषध पुन्हा सुरू करता येणार नाही. त्यांचंही बरोबरच होतं. त्यासाठी वेळ घ्यायची, आणि वेळ घ्यायला सकाळी आठला फोन करायचा. सकाळी आठला अख्खं थॉर्नक्लफ फोन करतं. एरिकला संगीत ऐकू यायचं आणि मधूनमधून एक बाई सांगायची की तुमचा रांगेत अमुक नंबर आहे. खरं सांगायचं तर त्याला हे आवडलं. फोनमध्येसुद्धा रांग आहे आणि कुणी मधे घुसत नाही, असं त्याने मेव्हिसला सांगितलंही. त्याचा नंबर यायचा तोवर त्या दिवसाच्या वेळा संपलेल्या असायच्या. मग शेरिल विचारायची, उद्या करता का परत, की अर्जंट आहे? आणि एरिक म्हणायचा, छे छे, उद्या करतो की.

असं करता करता ईस्टरचा आठवडा आला. गुड फ्रायडेला दवाखाना बंद, शनिवार-रविवार बंद, सोमवारी बँकांची सुट्टी म्हणजे सगळंच बंद. गुरुवारी शेरिलने आपणहून सांगितलं, की चिठ्ठी डॉक्टरांच्या टेबलावर वर ठेवलीय, ईस्टर झाला की पहिली हीच. एरिकने तिला ईस्टरच्या शुभेच्छा दिल्या.

त्या दुपारी त्याने गोळ्यांची पट्टी काढून बघितली. असायला हव्या होत्या त्याहून जास्त गोळ्या शिल्लक होत्या. आधी त्याला वाटलं आपलंच मोजण्यात चुकलं. मग त्याच्या लक्षात आलं, की हल्ली दुपारची मेव्हिस खिडकीपाशी मांडीत हात ठेवून बसून असते आणि विचारलं तर दमलेय म्हणते. दुपारची गोळी ती घेतच नव्हती. नवरा रोज हात हलवत परत येतो आणि त्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही, म्हणून ती स्वतःचे पाय वाचवून वाचवून वापरत होती.

हे कळल्यावर एरिकला पहिल्यांदा काय वाटलं? त्याला बरं वाटलं. दोन दिवस जास्त निघतील, असं त्याच्या मनात आलं. त्याची लाज वाटायला थोडा वेळ लागला, पण मग अशी वाटली की त्याला तिच्याकडे बघवेना. तरीही तो तिला काही म्हणाला नाही आणि तीही त्याला काही म्हणाली नाही. मला राग येतो तो इथे. शेरिलचा नाही, डॉक्टरीणबाईंचाही नाही. एका खोलीत बसलेली दोन माणसं, एकमेकांवर जीव असलेली, आणि एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प. हा कसला सभ्यपणा? एकदा नको म्हटलेलं नाझियाकडे पुन्हा मागायला एरिक गेला नाही, आणि शनिवारी रात्री पट्टी संपली.

रविवारी चर्चच्या घंटा वाजत होत्या तेव्हा मेव्हिसचे डोळे उघडे होते आणि बाकी काहीच हलत नव्हतं. एरिकने चहा आणला, तो हनुवटीवरून ओघळला. तिला उठवून बसवावं म्हणून त्याने खांद्याखाली हात घातला, तर ती एका तुकड्यात वर आली. केमिस्टचं दुकान बंद. मग त्याने मदतीचा सरकारी नंबर लावला. पलीकडच्या बाईने प्रश्न विचारायला सुरुवात केली. श्वास चालू आहे ना? हो. छातीत दुखतंय? नाही. रक्त? नाही. शुद्ध हरपली? नाही, बघतेय माझ्याकडे. एरिक प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर देत होता आणि प्रत्येक खऱ्या उत्तराबरोबर मेव्हिस रांगेत मागे मागे जात होती. शेवटी ती बाई म्हणाली, नर्स तुम्हाला परत फोन करेल. एरिक थँक यू म्हणाला आणि रिसीव्हरपाशी बसून राहिला.

दुपारी नर्सचा फोन आला तेव्हा मेव्हिसला ठसका लागला होता. लाळही गिळता येत नव्हती तिला. ॲम्ब्युलन्स बोलावली ती नर्सनेच, फोनवरून तो घशातला आवाज ऐकून. एरिकने सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं, कोण जाणे.

हॉस्पिटलात मेव्हिसला आत नेलं आणि एरिक काउंटरसमोरच्या रांगेत उभा राहिला. पुढे बोटाला पट्टी बांधलेला एक गडी होता, तो नर्सशी फुटबॉलबद्दल बोलत होता. एरिकने त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं. त्याची पाळी आली तेव्हा नर्सने पडद्यावर दवाखान्याची यादी काढली. रक्तदाबाच्या गोळ्या, हाडांच्या गोळ्या, मलम. पार्किन्सनचं औषध यात नाही, ते हिवाळ्यातच बंद झालेलं दिसतंय, असं ती म्हणाली. मंगळवारी दवाखाना उघडला की विचारून घेऊ.

एरिकने कमरेवर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच ठेवला असेल. मेव्हिस अशा वेळी कशी सुरुवात करायची, ते त्याने शंभरदा ऐकलं होतं, पाठ होतं त्याला. पण तोंडातून आलं ते एवढंच. "सॉरी, तुम्हाला त्रास देतोय. पण जरा अर्जंट आहे."

"इथे सगळ्यांचंच अर्जंट आहे, लव्ह," नर्स म्हणाली. तेही खोटं नव्हतं. एरिक जाऊन खुर्चीत बसला.

एका डॉक्टरने मेव्हिसला हात लावून बघितलं आणि काय ते ओळखलं, पण तोवर सोमवार उजाडला होता, आणि नेमकी ती गोळी त्या वॉर्डात नव्हती. ती यायला संध्याकाळ झाली. मधल्या वेळात जे घशाखाली जायचं ते छातीत गेलं होतं. न्यूमोनियात तिने किती आठवडे काढले ते एरिक सांगत नाही. एवढंच सांगतो, की ती घरी आली तेव्हा परसात घेवड्याला फुलं आली होती, आणि ती पायांवर आली नाही.

आता तिचा पलंग पुढच्या खोलीत आहे. गोळ्या वेळेवर मिळतात, यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर आलंय. हात थोडे हलतात. बोलते ते ऐकायला तिच्या ओठांशी कान न्यावा लागतो.

आणि एरिक? एरिक दर महिन्याला सगळ्या चौकटींत खूण करतो. लागो न लागो, एकही कोरी सोडत नाही. कपाट भरलं, मग ड्रॉवर भरला, मग मेव्हिसच्या टोप्यांचा डबा रिकामा करून तो भरला. पोस्टर अजून तिथेच आहे. तो त्याच्याकडे न बघता कागद पेटीत टाकतो. शिवाय सकाळी आठला फोनही करतो, कागद पोचला का ते विचारायला.

परवा असाच त्याने फोन लावला. मी त्यांच्याकडे पेपर द्यायला गेलो होतो, दारातच उभा होतो. नंबर आला, शेरिलने विचारलं काय हवंय. तो म्हणाला, मलम. ड्रॉवरमध्ये न उघडलेल्या मलमाच्या नळ्या एकावर एक रचलेल्या मी स्वतः बघितल्या आहेत.

"अर्जंट आहे का, लव्ह?" शेरिलचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला.

"हो," एरिक म्हणाला. "अर्जंट आहे."

"बरं. दुपारपर्यंत पाठवते केमिस्टकडे."

एवढंच होतं ते. एरिकने फोन जागेवर ठेवला. मग पलंगावर मेव्हिसची बोटं चादरीवर हललेली त्याला दिसली, म्हणून तो गेला आणि वाकून तिच्या ओठांशी कान नेला. ती काय म्हणाली ते मला ऐकू येणं शक्यच नव्हतं. नंतर चहा पिताना त्यानेच मला सांगितलं.

आधी तिने विचारलं, "रांग मोडलीस?"

"मोडली," तो म्हणाला.

पुढचं बोलायला तिला वेळ लागला. एरिक तसाच वाकून थांबला, त्याला आता थांबायची सवय आहे.

"लेट आलास, ड्रायव्हर."

हे ती रागाने म्हणाली की लाडाने, ते कळायला तिच्याजवळ आवाज उरला नव्हता आणि चेहराही नव्हता. एरिक बराच वेळ तिच्या तोंडाकडे निरखून बघत राहिला. मग तो सॉरी म्हणाला, आणि तिचा चहा गार व्हायच्या आत चमच्याने पाजायला बसला.